निळ्या क्रेटमधली जुनी यंत्रं

जपानमध्ये राहते म्हटल्यावर भारतातून हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "अकिहाबाराला जातेस ना?" तोक्योतल्या त्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जाते, आणि तिथलं वायरी, कनेक्टर, रेझिस्टरच्या टपरीवजा दुकानांचं बोळकांडं मला आवडतंही. पण माझा जीव खरा रमतो तो जुन्या वस्तूंच्या दुकानात, मागच्या बाजूला असलेल्या 'जंक' कोपऱ्यात. 'हार्ड ऑफ' नावाची साखळी यासाठी देशभर प्रसिद्ध आहे. निळ्या प्लास्टिकच्या क्रेट्स ओळीने मांडलेल्या असतात. त्यांत केबली, रिमोट, कॅमेरे, वॉकमन, कीबोर्ड, कशाचे ते न कळणारे अडॅप्टर असं काय वाटेल ते असतं. किंमत 110, 330 किंवा 550 येन अशी. मधले ते दहा, तीस, पन्नास येन म्हणजे दहा टक्के उपभोग कर. घासाघीस नाही, आणि घेतलेली वस्तू परत घेतली जात नाही.

पुण्याच्या जुन्या बाजारात फिरलेल्यांना यात नवल वाटणार नाही. मला नवल वाटलं ते वस्तूला लावलेल्या चिठ्ठीचं. प्रत्येक यंत्रावर त्याचं दुखणं लिहिलेलं असतं. 'चालू होतो, डिस्क वाचत नाही.' 'बॅटरीच्या कप्प्यात गंज.' 'झाकणाची खिट्टी तुटलेली.' 'तपासलेलं नाही.' कुणीतरी ती वस्तू हातात घेऊन, वीज लावून, बटणं दाबून पाहिलेली असते आणि जे दिसलं ते लिहून ठेवलेलं असतं. दुरुस्तीची हौस असलेल्या माणसाला यापेक्षा मोलाचं काही नाही. निम्मं निदान दुकानातच झालेलं असतं.

या चिठ्ठ्या वाचता याव्यात म्हणून मी जपानी शिकायला लागले, असं म्हटलं तरी चालेल. छापील चिठ्ठी मोबाइलचा कॅमेरा समोर धरला की गूगल लेन्स वाचून देतं, पण घाईघाईत पेनाने खरडलेल्या कांजीपुढे, म्हणजे जपानीतल्या चिनी चित्राक्षरांपुढे, ते अडखळतं. मग मी हे नेहमीचे शब्द 'अंकी'त घातले. अंकी म्हणजे प्रश्नोत्तरांची कार्डं दाखवणारं सॉफ्टवेअर. जे कार्ड तुम्हाला येतं ते लांबच्या दिवसावर ढकलतं, जे अडतं ते लवकर परत समोर आणतं. 2006 पासून ते आहे, आणि कॉम्प्युटर व अँड्रॉइडवर फुकट आहे. नवी भाषा शिकणाऱ्या प्रत्येकाला मी हे आग्रहाने सांगते.

इतक्या वस्तू या दुकानांत येतात कुठून? एक कारण, इथे वस्तू फेकणं सोपं नाही. टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीन आणि एसी टाकायचे तर 2001 पासून लागू असलेल्या कायद्यानुसार रिसायकलिंगचे पैसे आपल्यालाच भरावे लागतात. इतर मोठ्या वस्तूंसाठी पालिकेकडे वेळ ठरवायची, दुकानातून स्टिकर विकत आणायचं, ते चिकटवून ठरल्या सकाळी वस्तू बाहेर ठेवायची. त्यापेक्षा जुन्या वस्तूंच्या दुकानात देणं परवडतं. छोट्या वस्तूही वाया जात नाहीत. तोक्यो ऑलिंपिकची पदकं लोकांनी दिलेल्या जुन्या उपकरणांतल्या धातूंपासून बनवली होती. त्यासाठी सुमारे 79 हजार टन उपकरणं आणि 62 लाखांच्या वर मोबाइल गोळा झाले.

त्या क्रेट्समधलं माझं सगळ्यात आवडतं यंत्र म्हणजे मिनीडिस्क. आपण कॅसेटवरून सीडीवर आणि तिथून थेट एमपीथ्रीवर आलो, त्यामुळे हा मधला टप्पा भारतात फारसा कुणी पाहिलाच नाही. सोनीने 1992 मध्ये आणलेली ही चकती जेमतेम अडीच इंचांची, प्लास्टिकच्या चौकोनी कवचात बंद. गाणी पुसता येतात, क्रम बदलता येतो, प्रत्येक गाण्याला नाव देता येतं. जपानमध्ये ती घरोघर होती. कोऱ्या चकत्यांचं उत्पादन सोनीने 2025 च्या फेब्रुवारीत थांबवलं.

माझ्या प्लेअरच्या चिठ्ठीवर 'डिस्क वाचत नाही' असं होतं. आत च्युइंगगमच्या पट्टीसारखी चपटी बॅटरी असते, ती मेलेलीच होती. पण बऱ्याच मॉडेलांना बाजूला स्क्रूने बसणारी, साध्या पेन्सिल सेलची डबी मिळते. तिच्या पत्र्यावर सेल गळून पांढरी-हिरवी भुकटी साचली होती. अल्कलाइन सेलमधून गळतं ते अल्कली, म्हणून व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाने ते निघतं. मग कोरडं करून, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा जेमतेम ओला बोळा लेन्सवर अगदी हलक्या हाताने फिरवला. चकती घातली, बारीक किरकिर झाली, आणि पडद्यावर काताकाना या जपानी लिपीच्या अर्ध्या रुंदीच्या अक्षरांत गाण्याचं नाव सरकायला लागलं. तो आनंद मला शब्दांत सांगता येत नाही.

पण यंत्र चालू होणं ही निम्मीच गोष्ट. कॉम्प्युटरवरून गाणी भरण्यासाठी कंपनीने दिलेलं मूळ सॉफ्टवेअर कधीच वाऱ्यावर सोडलं गेलंय. शिवाय नक्कल होऊ नये म्हणून त्यात इतकी कुलपं होती की स्वतःच्या मायक्रोफोनने रेकॉर्ड केलेला आवाजही बहुतेक मॉडेलांतून कॉम्प्युटरवर घेता येत नसे. हे कुलूप हौशी लोकांनी उघडलं. 'वेब मिनीडिस्क प्रो' नावाचं पान क्रोममध्ये उघडायचं, यूएसबीची वायर जोडायची, आणि गाणी ओढून टाकायची. ब्राउझरच थेट यंत्राशी बोलतो. विंडोजवर आधी 'झाडिग' नावाचं छोटं सॉफ्टवेअर वापरून ड्रायव्हर बदलावा लागतो, तेवढंच. काही सोनी मॉडेलांतून तर आता आतलं रेकॉर्डिंगही बाहेर काढता येतं. ज्यांना यातून दमडी मिळत नाही अशा माणसांनी हे वर्षानुवर्षं सांभाळलंय. कंपन्यांनी हात झटकलेली यंत्रं अशा लोकांमुळे जिवंत राहतात, आणि मला त्यांच्याबद्दल मनापासून कृतज्ञता वाटते.

दुसरा किस्सा रेकॉर्ड प्लेअरचा, आणि तो विजेचा आहे. जपानभर व्होल्टेज 100, पण तोक्योसह पूर्व भागात वीज 50 हर्ट्झची आणि ओसाकासह पश्चिमेला 60 ची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तोक्योने जर्मन जनित्रं घेतली, ओसाकाने अमेरिकन, आणि ती फूट आजतागायत राहिली. 2011 च्या भूकंपानंतर पश्चिमेची वीज पूर्वेला हवी तेवढी पाठवता आली नाही, त्याचं हेही एक कारण. मी घेतलेला जुना प्लेअर पश्चिमेकडून आलेला. त्याच्या मोटरवर 60 हर्ट्झची पितळी पुली. तोक्योत ती लावली की तबकडी मिनिटाला 33⅓ ऐवजी जेमतेम 28 फेरे घेते. सूर जवळजवळ तीन अर्धस्वर खाली येतो, म्हणजे काळी एकमध्ये गाणारी गायिका काळी पाचमध्ये उतरते, आणि तीही रेंगाळत. फोनच्या जायरोस्कोपवरून वेग मोजणारं ॲप मिळतं. फोन तबकडीवर ठेवायचा की आकडा समोर. 50 हर्ट्झची थोडी जाड पुली मिळेपर्यंत मी तशाच रेकॉर्ड वाजवून 'ऑडॅसिटी' या आवाज रेकॉर्ड करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतल्या आणि वेग दुरुस्त करून ऐकल्या. त्यात वेग बदलण्याची सोय आहे, टक्क्यांत आकडा दिला की काम झालं.

जाता जाता आणखी एक. जुन्या जपानी सीडीवरची मजकुराची फाइल उघडली की अगम्य चिन्हं दिसतात, कारण ती युनिकोडच्या आधीच्या 'शिफ्ट-जिस' या जपानी अक्षरसंकेतात असते. शिवाजी किंवा कृतिदेव फाँटमधल्या जुन्या मराठी फाइली ज्यांनी उघडल्यात त्यांना हे दुःख वेगळं समजावायला नको. फरक इतकाच की जपानी फाइल बऱ्याच एडिटरमध्ये नुसतं एन्कोडिंग बदललं की वाचता येते. आपल्याला मात्र प्रत्येक फाँटसाठी वेगळा कन्व्हर्टर शोधावा लागतो.

इकडे येणार असाल तर दोन गोष्टी सांगते. चार्जरवर '100-240V' असं लिहिलेलं असेल तर तो बिनधास्त आणा, 230 व्होल्टचा मिक्सर मात्र आणू नका. इलेक्ट्रॉनिक्सच्या हौशी प्रयोगांसाठीचे वायफाय-ब्लूटूथवाले सर्किट बोर्ड आणताना त्यांवर जपानी रेडिओ मान्यतेचं चिन्ह आहे का ते बघा. ठरावीक परदेशी मान्यता असलेल्या उपकरणांसाठी पाहुण्यांना 90 दिवसांची सूट आहे, इथे राहणाऱ्यांना नाही. आणि इथलं एखादं जुनं यंत्र भारतात न्यायचं असेल तर 230 चे 100 व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर लागेल. तो व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही. म्हणून असा रेकॉर्ड प्लेअर नेताना 50 ची पुली असलेलाच घ्या, आपल्याकडे तो बरोबर वेगाने फिरेल.