गायरानावरचा नांगर

अथणी तालुक्याच्या पूर्वेकडे, जतच्या सीमेलगतच्या एका गावात आम्ही गायरानावर अंजन गवत पेरले होते, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात तेच गायरान नांगरायला ट्रॅक्टर येऊन उभा असल्याचा निरोप मला सकाळीच मिळाला. बेळगाव जिल्हा म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे खानापूरचे रान येते. अथणीच्या माळावर मात्र वर्षाकाठी जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, तोही बेभरवशाचा. नदीकाठी ऊस उभा असतो, पण माळावरची मेंढरे आणि खिलार जनावरे गायरानाच्याच जिवावर तगतात.

जमलेल्या मंडळींचे म्हणणे रास्तच वाटत होते. ठोंबांवर करड्या काड्यांखेरीज काही उरले नव्हते आणि हात लावताच त्याही मोडत होत्या. मेलेले गवत राखत बसण्यापेक्षा मृगाआधी जमीन नांगरून कडवळ, म्हणजे चाऱ्याची ज्वारी, पेरावे, असे बहुतेकांना वाटत होते. मी एवढेच सुचवले की, आधी एक ठोंब उकरून पाहू. एका वृद्ध धनगर मामांनी बोलणे न वाढवता पहार उचलली.

अंजनाची मुळे खोल जमिनीत दोन मीटरपर्यंतही जातात. आमच्या मुरमात तेवढी वाट मिळत नाही, तरी हातभर उकरल्यावरही ती खालीच चाललेली दिसली. मामांनी विळ्याने ठोंब उभा चिरला. बाहेरची पाने कागदासारखी सुकली होती, पण जमिनीलगतच्या जाड बुडख्यात पांढरट-हिरवे डोळे शाबूत होते आणि नख लावताच ओल लागत होती.

"जित्ता हाय की ह्यो," मामा म्हणाले, "नांगर कशाला घालताय ह्याच्यावर?"

या बुडख्यात साठवलेल्या अन्नावरच गवत उन्हाळा काढते. म्हणूनच पहिल्या वर्षी आम्ही चराई बंद ठेवली होती, कारण मुळे धरण्याआधी जनावराने हिसका दिला तर कोवळे रोप मुळासकट उपटून येते. म्हणूनच कापणीही जमिनीपासून दहा-पंधरा सेंटिमीटर वर ठेवावी लागते. कडवळाविषयी माझी भीती वेगळी होती: उगवल्यावर पावसाने ओढ दिली तर त्या खुरटलेल्या पोंग्यांत विष तयार होते, आणि असे पोंगे खाऊन जनावराला किराळ लागते हे त्या घोळक्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. पाण्याची खात्री नसलेल्या माळावर बारमाही गवत मोडून कडवळ करणे मला आजही अविचाराचे वाटते.

ट्रॅक्टर तसाच परत गेला नाही. बांधाकडच्या ज्या पट्ट्यात गवत खरोखरच उगवले नव्हते, तेवढाच नांगरून तिथे अंजनाच्या जोडीला स्टायलो पेरायचे ठरले, म्हणजे चाऱ्यात द्विदल वैरणीची भर पडेल. पुढे वळवाचा एक चांगला पाऊस झाला आणि आठवडाभरात ठोंबांतून हिरवे फुटवे वर आले. मेंढरे लगेच सोडण्याचा आग्रह झाला, तेव्हा तो मामांनीच मोडून काढला. फुलोऱ्याच्या सुमारास वैरण कापली, कारण त्यानंतर काडी निबर होते आणि तिच्यातली प्रथिने झपाट्याने घटतात. बियाण्यासाठी एक कोपरा राखला. अंजनाचे ताजे बी नीट उगवत नाही, त्यामुळे ओरबाडलेले केसाळ बी पोत्यांत भरून पुढच्या मृगापर्यंत समाजमंदिरात ठेवले आहे.