आधी स्क्रीन, मग प्रोसेसर: फोटो एडिटिंगसाठी लॅपटॉप निवडताना

जुना लॅपटॉप बंद पडला नव्हता. पण लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एखाद्या रॉ फोटोवर (कॅमेऱ्यातून आलेल्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलवर) दोन-तीन मास्क (फोटोचा ठरावीक भागच बदलण्यासाठीची निवड) लावले की स्लायडर सरकवल्यानंतर फोटो बदलायची वाट बघत बसावं लागायचं. एका फोटोपुरतं हे चालून जातं. अख्ख्या समारंभाचे फोटो पुढ्यात असले की डोकं फिरतं.

नवा घ्यायचं ठरल्यावर ज्याला विचारावं तो प्रोसेसरचं नाव सांगे. मी स्क्रीनपासून सुरुवात केली. प्रोसेसर हळू असेल तर वेळ जातो, पण स्क्रीन खोटं दाखवत असेल तर फोटोच बिघडतो. स्वस्तातल्या बऱ्याच लॅपटॉपच्या माहितीत बारीक अक्षरात '४५ टक्के एनटीएससी' लिहिलेलं असतं. स्क्रीन किती रंग दाखवते, ते सांगायचं हे जुनं माप. ती स्क्रीन एसआरजीबीतले, म्हणजे ऑनलाइन फोटोंसाठी वापरतात त्या प्रमाण रंगसंचातले, जेमतेम ६०-६५ टक्के रंग दाखवते. तिच्यावर लाल फिका वाटतो, म्हणून आपण सॅच्युरेशन वाढवतो, आणि तोच फोटो दुसऱ्याच्या मोबाइलवर भडक दिसतो. '७२ टक्के एनटीएससी' म्हणजे साधारण पूर्ण एसआरजीबी. फोटो फक्त ऑनलाइन टाकायचे असतील तर तेवढं पुरतं. प्रिंट काढणाऱ्याने मात्र ॲडोबी आरजीबी या त्याहून मोठ्या रंगसंचाचा आकडाही बघावा. हिरवे आणि निळसर रंग तिथेच मार खातात.

ओएलईडी प्रकारच्या स्क्रीनचा मोह पडला होता, त्यातला काळा खरोखर काळा दिसतो. पण लाइटरूमची पॅनेलं तासन्‌तास एकाच जागी असतात, त्यामुळे त्यांचा डाग कायमचा उमटायची धास्ती राहते. शिवाय ब्राइटनेस कमी केल्यावर अशा बऱ्याच स्क्रीन लुकलुकतात. नुसत्या डोळ्यांना ते कळत नाही, डोळे फक्त दुखायला लागतात. ब्राइटनेस कमी ठेवून १/२००० शटरवर स्क्रीनचा फोटो काढला की काळे पट्टे उमटतात का ते बघता येतं. मी पाहिलेल्या एका मॉडेलवर ते ठसठशीत दिसले. म्हणून आयपीएस या नेहमीच्या एलसीडी प्रकारातल्या स्क्रीनवर शिक्कामोर्तब झालं.

मग वेग. इथे जाहिरातीवर काडीचा विश्वास ठेवू नये. लॅपटॉप पहिली दोन-चार मिनिटं सुसाट पळतो. खरा वेग कळतो तो तापल्यावर. ओळखीच्या एकाकडे मला आवडलेलं सडपातळ मॉडेल होतं. त्यावर माझ्याच २४ मेगापिक्सेलच्या रॉ फाइलींचा मोठा गठ्ठा एक्सपोर्टला (तयार फोटोंच्या फाइली बनवायला) लावला आणि प्रोसेसरचा वेग दाखवणारा विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून बसलो. सुरुवातीला प्रोसेसर ४ गिगाहर्ट्‌झच्या वर होता. थोड्याच वेळात अडीचवर आला आणि तिथेच रेंगाळला. दुसरं जाडजूड मॉडेल कागदावर कमी वेगाचं होतं, पण गठ्ठा त्यानेच आधी संपवला.

ग्राफिक्स कार्डाचंही तेच. आरटीएक्स ४०६० हे नाव एकच, पण लॅपटॉपमध्ये ते ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही ताकदीवर चालवलेलं असू शकतं. लाइटरूमचा एआय डिनॉइज (फोटोतले दाणे घालवणारी सोय) बहुतांश याच कार्डावर चालतो, त्यामुळे विक्रेत्याला नाव नाही, वॉट विचारावेत. बहुतेकांना सांगता येत नाहीत, ती गोष्ट वेगळी.

मॅकबुकचाही विचार केला. चार्जर काढला तरी त्याचा वेग फारसा पडत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. पण त्याची रॅम आणि स्टोरेज नंतर वाढवता येत नाही, आणि मला हा लॅपटॉप बरीच वर्षं वापरायचा होता. म्हणून ३२ जीबी रॅम आणि एसएसडीसाठी दुसरा स्लॉट, या दोन अटींवर अडून राहिलो. विंडोजच्या कित्येक सडपातळ मॉडेलांतही रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असते, हे आधीच तपासलेलं बरं.

टिकाऊपणाच्या नावाने 'मिल-एसटीडी-८१०एच' असा शिक्का मिरवतात. हे अमेरिकी संरक्षण खात्याचं चाचण्यांचं मानक आहे खरं, पण त्यातल्या कोणत्या चाचण्या करायच्या हे कंपनी स्वतः ठरवते आणि लष्कर कुणाला प्रमाणपत्र देत नाही. मी त्यापेक्षा बिजागरी बघितली. झाकण कोपऱ्याला धरून उघडलं की स्क्रीन पिळवटते का, कीबोर्डच्या मधोमध दाबलं की तो खाली दबतो का, हे हाताला लगेच कळतं. आवडलेल्या मॉडेलांची सर्व्हिस मॅन्युअल कंपन्यांच्या साइटवरून उतरवून घेतली. एकात बॅटरी चार स्क्रूंवर निघत होती. दुसऱ्यात ती चिकटवलेली होती. दुसरं यादीतून गेलं.

शेवटी घेतलं ते जाडजूडच. कॅलिब्रेटर (स्क्रीनचे रंग मोजून दुरुस्त करणारं उपकरण) लावून पांढऱ्याची छटा ६५०० केल्विन, मधल्या छटांचा उजळपणा ठरवणारा गॅमा २.२ आणि ब्राइटनेस १२० निट्‌सवर स्क्रीन बसवली. सुरुवातीला ती पिवळट वाटली, पण प्रिंटशेजारी धरल्यावर रंग जुळले. पंखा मात्र भलताच घोंघावतो. एक्सपोर्ट लावला की मी दुसऱ्या खोलीत जातो.