डाग

सकाळी टेबलावर डबा येऊन पडला होता, आत चाळीस चकत्या. मऊ जातीच्या पीझेडटीच्या, म्हणजे दाबलं की वीज देणाऱ्या, शिसं असलेल्या सिरॅमिकच्या, 10 मिलिमीटर व्यास, 1 मिलिमीटर जाडी. जाताना प्रत्येकीचा डी-33, म्हणजे ठरावीक दाबाला किती विद्युतभार मिळतो तो आकडा, आम्ही 580 पिकोकूलोम प्रति न्यूटनच्या आसपास मोजला होता. परत आल्या त्या तारा जोडून, आणि मीटर दाखवत होता 200, कुठे 160.

संशय आधी आमच्याच भट्टीवर. पीझेडटी साधारण 1250 अंशांना भाजतो, आणि शिशाचं ऑक्साइड तर 888 अंशांनाच वितळतं. त्यामुळे मुशीचं झाकण जरा तिरकं बसलं तरी शिसं वाफ होऊन निघून जातं. मुशीत पीझेडटीचीच भुकटी पसरून ठेवतो ती त्यासाठीच. या लॉटची वजनं पुन्हा तपासली, घनता पाहिली. सगळं जागच्या जागी. शिवाय भट्टीनं खाल्लेला माल मुळात 580 दाखवेलच कसा? हा प्रश्न मला तासाभरानं सुचला, हे कबूल करतो.

मग एक चकती घेतली आणि मीटरच्या टोकाखाली मधोमध न धरता कडेकडेनं फिरवली. तारेला लागून 50. मध्यावर 180. समोरच्या कडेला चक्क 430! भट्टी अशी एका बाजूनं चावत नाही.

हाताखालचा मुलगा भिंग लावून बघत होता. म्हणाला, "सर, हा डाग बघा ना, केवढा पसरलाय." खरंच, कथलाचा थेंब चांदीच्या थरावर नको तितका पसरला होता आणि कडेनं चांदीच विरघळून काळपट झाली होती. सोल्डरिंगची इस्त्री बराच वेळ टेकवून ठेवल्याची खूण. या जातीचा क्यूरी बिंदू जेमतेम 190 अंश, इस्त्रीचं टोक 350 चं. क्यूरीच्या वर गेलं की स्फटिकाचं ध्रुवीकरणच नाहीसं होतं. थंड झाल्यावर ते परततं खरं, पण डोमेन, म्हणजे एका दिशेनं ध्रुवीकरण झालेले आतले बारीक भाग, वाट्टेल त्या दिशेला तोंडं करून बसतात.

फोनवर तिकडच्या तारा जोडणाऱ्या माणसानं प्रामाणिकपणे सांगितलं, "डाग धरत नव्हता हो, म्हणून जरा दाबून धरलं." दोन टक्के चांदीचं सोल्डर आणि दोन सेकंद, एवढंच त्याला सांगितलं. आधी आम्हीच लिहून द्यायला हवं होतं.

शिसं उडालं असतं तर माल भंगारात गेला असता. इथे पुन्हा पोलिंग केलं, म्हणजे व्होल्टेज लावून डोमेन परत एका दिशेला वळवले: सिलिकॉन तेल 100 अंशांना, चकतीवर 2000 व्होल्ट, अर्धा तास, आणि थंड होताना व्होल्टेज चालूच. दोन चकत्यांमधून ठिणगी गेली, त्या तडकल्या. बाकीच्या अडतीस उठल्या. इम्पिडन्सच्या, म्हणजे कुठल्या वारंवारतेला चकती विजेला किती अडवते त्याच्या, आलेखावर 200 किलोहर्ट्झजवळ मघाशी नुसती सुरकुती होती, तिथे आता खोल दरी.

मुलगा लगेच मीटरकडे निघाला. थांबवलं त्याला. पोलिंगनंतर चकतीचं वय पुन्हा शून्यापासून मोजायचं. पहिल्या तासात आकडा फुगलेला दिसतो, मग उतरत जातो, आधी भरभर, पुढे हळूहळू. त्यानं डब्यावर वेळ लिहिली: दुपारी 4.20. दुसऱ्या दिवशी 4.20 ला पहिली चकती लावली. 568.