मुठेच्या खोऱ्यातून कानंदीच्या खोऱ्यात: माझी पहिली पूर्ण ग्रॅव्हल राइड

ग्रॅव्हल राइड म्हणजे डांबर सोडून माती-खडीच्या वाटांवरची सायकल सफर. तिचा मार्चमधला पहिला प्रयत्न रांजण्याच्या पुढे डोंगरात संपला. मोबाईलवरच्या नकाशात मी पुणे ते वेल्हे अशी डांबर टाळणारी वाट आखली होती. पानशेत रस्ता सोडून चढाला लागले तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि दुसरी बाटलीही अर्ध्यावर आली होती. नकाशातली रेघ एका नाळेत, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळीत, शिरली. ती माणसांची वाट नव्हतीच, गुरांची होती. सायकल खांद्यावर घेऊन तासभर चढले, आणि उतरताना कातळाच्या धारेने मागच्या टायरची बाजू बोटभर फाटली. रोड बाइकचा २८ मिलिमीटरचा टायर तो, त्याच्याकडून काय अपेक्षा करणार! संध्याकाळी टेम्पोत सायकल घालून घरी आले. फार वाईट वाटलं होतं.

माझ्या आईचे एक मामा गुंजवणीच्या काठचे. आयुष्यभर त्यांनी तिथे भातशेती केली. त्यांना मोबाईल दाखवून म्हटलं, "आजोबा, मी कुठे चुकले?" त्यांनी रस्ते पाहिलेच नाहीत. "आधी पाणी बघ गं पोरी. वढा कुनीकडं जातो ते कळलं की वाट आपोआप कळती."

त्या एका वाक्यावर माझं सगळं नियोजन उलटं झालं. सह्याद्रीची मुख्य धार उत्तर-दक्षिण. तिच्यातून पूर्वेकडे डोंगररांगा फुटतात आणि दोन रांगांच्या मध्ये एकेक नदी धावते. पवना, मुळा, मोसे, आंबी, कानंदी, गुंजवणी, वेळवंडी, नीरा. बारा मावळांची नावं घ्या: मोसे खोरं, मुठे खोरं, कानद खोरं, गुंजण मावळ, हिरडस मावळ. जुन्या लोकांनी मुलुख खोऱ्यांनी मोजला, कारण माणसाचं जाणं-येणं, सोयरीक, बाजार सगळं खोऱ्याच्या आत होतं. शेजारच्या खोऱ्यात जायचं तर मधली रांग ओलांडायची, आणि ती हवी तिथे ओलांडता येत नाही. त्यासाठी खिंड लागते. सायकलच्या चाकालाही हेच लागू आहे. खोऱ्याच्या लांबीने गेलात तर चढ पोटात दुखेल इतका कधीच नसतो. रांग आडवी कापायला गेलात तर मार्चमधली मी होता.

मग कागदी नकाशा पसरला. नद्या-ओढे निळ्या पेन्सिलने, रांगा तपकिरी, खिंडी लाल ठिपक्यांनी. मुठेच्या खोऱ्यातून कानंदीच्या खोऱ्यात उतरायला पाबे खिंड आहे आणि तिथून रस्ता आहे. डांबरी आहे म्हणून मी तो पहिल्या वेळी टाळला होता. तो हट्ट आता सोडला. खिंड डांबरीने ओलांडायची आणि खोऱ्यात उतरलं की मातीला लागायचं, हे माझ्या मते आपल्या भागातल्या ग्रॅव्हल राइडचं खरं गणित आहे. युरोपातल्या राइड्सचे व्हिडिओ बघून अखंड खडीचा रस्ता शोधत बसलं तर इथे निराशाच पदरी येते. आपल्याकडची माती तुकड्यातुकड्यांनी मिळते: शेतांमधली पाणंद, गावांच्या हद्दीवरचा शिवरस्ता, धरणाच्या कडेची गाडीवाट, कालव्यालगतचा सेवारस्ता. कालव्याचा रस्ता तर मला फार आवडतो. पाणी उताराने हळूहळू वाहावं म्हणून कालवा डोंगराच्या समपातळीने वळणं घेत नेलेला असतो, त्यामुळे आजूबाजूला टेकड्या असूनही आपण जवळजवळ सपाटीवर चालवतो.

उपग्रहाची चित्रं मी एका महिन्याची पाहत नाही. मे महिन्याच्या चित्रात भाटघर धरणाच्या काठाने एक सुंदर पांढरी वाट दिसली होती. नोव्हेंबरच्या चित्रात तिथे पाणी! धरण उतरलं की जुने रस्ते, जुनी देवळं उघडी पडतात आणि पावसाळ्यात पुन्हा बुडतात. दुसरी गोष्ट, पाऊस थांबला म्हणजे पाणंद वाळली असं होत नाही. दोन्ही बाजूंच्या भातखाचरांतलं पाणी तिच्यात झिरपत राहतं. कापणी झाली, खाचरं कोरडी पडली, की मगच ती चाकाला साथ देते. म्हणून मी नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा धरला. काही पाणंदींवर आता मातोश्री पाणंद योजनेतून मुरूम पडला आहे, त्या आधीही निघतात.

सायकलचं थोडक्यात सांगते. सेकंडहँड ग्रॅव्हल बाइक घेतली, ४० मिलिमीटरचे ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेले, टायर. माझं वजन ६२ किलो; पुढे २८ आणि मागे ३१ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा ठेवते. पुढे पेडलपाशी ४० दातांची चकती (चेनरिंग), मागची सगळ्यात मोठी चकती ४२ दातांची, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात चाक पूर्ण फेराही फिरत नाही. सामान लादून पाबे चढायला हे लागतंच. बाभळीच्या काट्याने पडलेलं भोक टायरमधला पातळ चीक, म्हणजे सीलंट, बुजवतं, पण ते आपल्या उन्हात लवकर सुकतं, म्हणून निघण्याआधी उघडून पाहायचं. बाजूची चीर मात्र सीलंटने भरत नाही. त्यासाठी जुन्या टायरचा तळहाताएवढा तुकडा आणि एक साधी ट्यूब सोबत असते. मार्चमध्ये तो तुकडा असता तर टेम्पो लागला नसता.

मैत्रिणीबरोबर पहाटे साडेपाचला निघाले. खडकवासल्याला उजाडलं, खानापूरला पोहे खाल्ले, आणि ऊन चढायच्या आत, पावणेनऊला, पाबेच्या पायथ्याशी होतो. घाट लांब नाही, पण वळणावर चढ एकदम उभा होतो. मी वळणाच्या बाहेरच्या कडेने गेले. तिथे अंतर थोडं वाढतं, चढ सुसह्य होतो. माथ्यावर पोचल्यावर मागे सिंहगडाची रांग आणि समोर तोरणा नि राजगड एकाच वेळी दिसले. मैत्रीण कितीतरी वेळ बोललीच नाही. मीही नाही. सहा महिने कागदावर लाल ठिपका होता तो, आणि आता त्यावर आम्ही उभ्या होतो.

रात्री वेल्ह्यात ओळखीच्या घरी राहिलो. पिठलं, तांदळाची भाकरी, इंद्रायणीचा भात. दोघीच बायका असल्याने मुक्कामाचं घर आधी ठरवणं हा आमच्या आखणीचा मोठा भाग होता, आणि ज्या बायकांना असं जायचंय त्यांना मी हेच आधी ठरवायला सांगेन.

दुसऱ्या दिवशी माती. वेल्ह्याहून मार्गासनीकडे. खोऱ्यात धुकं साचलेलं, खळ्यांवर भाताच्या उडव्या. धानेपला गुंजवणी धरण असल्याने तिथे डांबरीवर यावं लागलं, मग पुन्हा पाणंद. मुरमावर टायर एकसारखा सळसळत होता. नकाशात मी ज्या वाटेने जायचं ठरवलं होतं, तिथे झोडणीला बसलेल्या एका मावशींनी हात केला.

"हितनं जाऊ नका ताई. पायपासाठी खांदलंय सगळं."

"मग मावशी, कुठून जाऊ?"

"बांधाबांधानं खाली उतरा. आंब्यापाशी वढा लागंल, तो वलांडा, म्होरं गाडीवाट हाय."

मी मोबाईल खिशात ठेवला. बांध एक हात रुंद, दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताचे टोकदार खुंट. उतरलो, सायकली हातात घेतल्या. माणसाच्या शेतातून जाताना चालवायचं नाही, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. आंबा आला, ओढा आला. तळाला गोल दगड, पाणी इतकं नितळ की चाकाची सावली तळावर दिसत होती. पलीकडे खरंच गाडीवाट होती, दोन चाकोऱ्या आणि मध्ये गवताची पट्टी. दीड किलोमीटर असेल. संपूर्ण राइडमधला तो सगळ्यात चांगला तुकडा, आणि तो कुठल्याही नकाशात नाही.

मार्गासनीला डांबर लागलं तेव्हा सव्वादहा झाले होते. टपरीवर चहा सांगून मी आजोबांना फोन लावला. पोचलो म्हटल्यावर त्यांनी किती किलोमीटर झालं हे विचारलं नाही.

"वढ्याला पाणी किती हाय?"

"घोट्याएवढं," मी म्हटलं.

"मग औंदा हरभरा येतोय," ते म्हणाले.