तेलाची विहीर आणि देवस्थानाची जमीन

आई-बाबा सध्या ऑस्टिनला आलेत तीन महिन्यांसाठी, त्यामुळे संध्याकाळी त्यांना टेक्सस युनिव्हर्सिटीच्या बाजूला फिरवून आणणं हे माझं काम. परवा मार्टिन ल्युथर किंग रस्त्याच्या कोपऱ्यावर बाबा थबकले, कारण समोर चक्क तेलाच्या विहिरीची जुनी यंत्रसामग्री मांडून ठेवलीय. "कॉलेजात तेल काढतात का रे हे लोक?"

आता हे सांगायचं म्हणजे मोठी स्टोरी आहे. 1876 साली टेक्ससच्या राज्यघटनेत युनिव्हर्सिटीसाठी दहा लाख एकर जमीन राखून ठेवली, 1883 मधे अजून दहा लाख, पण सगळी पश्चिमेकडची, रखरखीत, गुरं चारायला भाड्याने देण्यापलीकडे फारसा उपयोग नाही. चांगली जमीन आधी कबूल केली होती, हाती आली ही. आणि मग 28 मे 1923 ला सांता रीता नावाच्या विहिरीतून तेल उसळलं! सांता रीता म्हणजे अशक्य कामांची संत. पैसे घालणाऱ्या काही कॅथलिक बायकांनी म्हणे गुलाबाच्या पाकळ्या दिल्या होत्या आणि त्या विहिरीवरच्या मनोऱ्यावर चढून खाली टाकल्या, अशी गोष्ट इथे सगळे सांगतात. आईला हा भाग फार आवडला, तिने दोनदा विचारला.

तर त्या तेलाचा पैसा एका कायमच्या फंडात जातो. त्यातून दोन हिस्से टेक्सस युनिव्हर्सिटी सिस्टिमला, म्हणजे ऑस्टिनसकट तिच्या सगळ्या कॅम्पसना मिळून, एक टेक्सस ए अँड एम या दुसऱ्या सरकारी युनिव्हर्सिटीला, आणि मुद्दलाला हात लावायचा नाही, दर वर्षी थोडंसं काढून खायचं. बाबा सहकारी बँकेतून रिटायर झालेत, त्यांना पुढचं समजवावं लागलंच नाही. "म्हणजे आपल्याकडची देवस्थानाची इनाम जमीन. जमीन विकायची नाही, उत्पन्नातून दिवाबत्ती आणि नैवेद्य." अशा कायमच्या फंडाला इथे एंडोमेंट म्हणतात, मी इतकी वर्षं एंडोमेंट एंडोमेंट ऐकतोय, एवढं सोपं कुणी सांगितलं नव्हतं.

मग घरी येऊन आकडे काढून बसलो, कारण बाबांना आकडे लागतात. 2024 ला एंडोमेंटमधे हार्वर्डकडे 53 बिलियन डॉलर (एक बिलियन म्हणजे शंभर कोटी), टेक्सस सिस्टिमकडे साधारण 47, येलकडे 41, प्रिन्स्टनकडे 34. म्हणजे आपण दुसरे! पण बाबांनी लगेच विचारलं, पोरं किती? आणि तिथेच सगळी गंमत आहे. टेक्ससची सगळी कॅम्पस आणि मेडिकल धरून अडीच लाखांवर विद्यार्थी, प्रिन्स्टनला जेमतेम नऊ हजार. भागाकार केला तर प्रिन्स्टनला एका पोरामागे जवळजवळ चाळीस लाख डॉलर, म्हणजे तीस कोटींहून जास्त रुपये, आणि आपल्या टेक्ससकडे दोन लाख डॉलरच्या आत. दुसरा नंबर वगैरे ठीक आहे, पण ताटात किती पडतं ते बघायचं.

बरं, हा पैसा असतो तोही मोकळा नसतो. हार्वर्डचा फंड म्हणजे एक तिजोरी नाही, 14 हजारांहून जास्त वेगवेगळ्या देणग्या आहेत, आणि बऱ्याच देणाऱ्यांनी लिहून ठेवलंय की हे अमुक विषयाच्या प्रोफेसरसाठी, ते तमुक स्कॉलरशिपसाठी. तरी वर्षाच्या खर्चाचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग त्यातूनच निघतो, काय बोलणार. 2025 च्या कायद्याने अशा श्रीमंत खाजगी युनिव्हर्सिट्यांच्या गुंतवणुकीच्या उत्पन्नावर 8 टक्क्यांपर्यंत टॅक्स आलाय, तोही एका विद्यार्थ्यामागे किती पैसा आहे ते बघूनच, बाबांच्याच हिशोबाने! सरकारी असल्यामुळे टेक्सस त्यातून सुटलं.

आमच्यातच बघा ना, माझी चुलतबहीण डॅलसच्या कॅम्पसला आहे, तीही टेक्सस सिस्टिममधेच. पण नियम असा की या कायमच्या फंडातला पैसा रोजच्या खर्चाला ऑस्टिनला वापरता येतो, डॅलसला फक्त इमारती, मोठी सामग्री वगैरेसाठी. ह्यूस्टन युनिव्हर्सिटी, टेक्सस टेक यांना तर यातलं काहीच नाही, त्यांच्यासह चार युनिव्हर्सिट्यांसाठी राज्याने 2023 मधे मतदान घेऊन वेगळा फंड केला.

बाबांनी रात्री तिला व्हिडिओ कॉल लावला. "काय गं, तुझ्या वर्गाच्या भिंती तेलाच्या आहेत म्हणे, आणि फी मात्र तुझ्या बापाची?"

"काका, एसीपण तेलाचाच असेल, स्वेटर घालून बसते मी लेक्चरला."



आई मागून ओरडली, गुलाबाच्या पाकळ्यांचं सांग तिला.