ओंजळीचं माप

नवा दुकानदार आमचं पाकीट हातात घेतो आणि पहिलं विचारतो, "ताई, बेदाणा असा तांबूस का? हिरवा नाही का?" मग वजन वाचतो. "150 ग्रॅम? शंभरचं करा, नाहीतर अडीचशेचं. हे अधलंमधलं माप कोण घेणार?" गेली कित्येक वर्षं मी दोन्हीला एकच उत्तर देते, आमच्या बाईंमुळे.

बाई म्हणजे माझ्या सासूबाई. मुलं, सुना, नातवंडं, भावकी, सगळेच त्यांना बाई म्हणायचे. निफाड तालुक्यात कादवेच्या काठी आमचं शेत आहे. बाई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा रानात बाजरी आणि गहू होता. 1972 च्या दुष्काळात त्यांनी कडेवरचं मूल सावलीला निजवून रस्त्याच्या कामावर खडी फोडली. तिथे मिळणाऱ्या सुकडीची चव त्या शेवटपर्यंत विसरल्या नाहीत. दारात आलेल्या माणसाला काही खाऊ घातल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही, हे तिथूनच आलं असावं असं मला वाटतं. त्या मात्र म्हणायच्या, पांडुरंग कोणत्या रूपात येईल सांगता येत नाही.

1986 साली सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, एक एकर थॉमसन जातीची द्राक्षं लावली. बाग आबांच्या नावावर होती, पण राखली बाईंनी. ऑक्टोबरची छाटणी झाली की त्यांची झोप कमी व्हायची. विरळणीला बाया गोळा करणं, रात्रीची लाईट आली की पाणी धरणं, आणि डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा चार अंशांखाली उतरला की पहाटे बागेत शेकोट्या पेटवणं. थंडीने मणी तडकतात हे निफाडच्या माणसाला सांगावं लागत नाही. धुराने डोळे चुरचुरत असायचे आणि तोंडाने नाम चालू असायचं. पुढे उन्हाळ कांद्याच्या दिवसांत त्या दिवसभर कांदाचाळीत बसून कांदा निवडायच्या, पण चातुर्मासात त्याची एक पाकळी तोंडात घालायच्या नाहीत.

मी 1996 मध्ये सून म्हणून आले, तेव्हा माडीवर एक पत्र्याचा डबा होता. त्याला हात लावायचा नाही, एवढंच मला सांगितलं गेलं. त्यात बेदाणे असायचे. मार्च-एप्रिलमध्ये माल उतरला की वेलीवर राहिलेले, व्यापाऱ्याने नाकारलेले घड बाई खुडून आणायच्या, उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवायच्या आणि गच्चीवर जुन्या लुगड्यांवर पसरायच्या. वीस-बावीस दिवस रोज हात फिरवायचा. तयार झालेला माल डब्यात जायचा आणि तो डबा उघडायचा थेट पौषात. निवृत्तिनाथांच्या यात्रेला, पौष वद्य एकादशीला, त्र्यंबकेश्वराला जाणाऱ्या दिंड्या आमच्या रस्त्याने जातात. प्रत्येक वारकऱ्याच्या हातावर बाई एक ओंजळ बेदाणा ठेवायच्या. उपासाला चालतो आणि चालता चालता खाता येतो.

एका वर्षी दिंडीतल्या एका माउलींनी विचारलं, "बाई, घरी न्यायला दोन किलो विकत द्याल का?" बाई म्हणाल्या, "हा विकायचा नाही, माय." त्यांना आणखी एक ओंजळ दिली आणि विषय संपला. मला वाईट वाटलं. घरात पैशाची ओढ होती आणि गिऱ्हाईक दारात उभं होतं.

2014 ची गारपीट नाशिककर विसरणार नाहीत. फेब्रुवारी-मार्चचे दिवस, बाग काढणीला आलेली. आमच्या अडीच एकरांतला तीन-चतुर्थांश माल अर्ध्या तासात चिखलात गेला. आमचे हे दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी बाई घमेलं घेऊन बागेत गेल्या आणि वेलीवर जे धड राहिलं होतं ते खुडायला लागल्या. मी मागोमाग गेले. त्या वर्षी गच्चीवर, ओट्यावर, शेजारच्यांच्या गच्चीवर, मिळेल तिथे आम्ही द्राक्षं वाळवली. दोनशे किलोंच्या आसपास बेदाणा निघाला. मी धीर करून म्हटलं, "बाई, या वर्षी विकूया का?" त्यांनी डबा खाली आणवला, काठोकाठ भरला, झाकण लावलं आणि म्हणाल्या, "हा दिंडीचा. बाकी तुझा. नीट विक, खोटं बोलू नको."

आमचा उद्योग तिथे सुरू झाला.

2015 मध्ये आम्ही सहा जणी एकत्र आलो. बाकीच्या पाच जणींच्याही बागांचा गारपिटीने घास घेतला होता. शास्त्रशुद्ध पद्धत शिकलो. गोडी 22 ते 24 ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातली साखर मोजायचं माप) आली की माल तोडायचा. 100 लिटर पाण्यात अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑइल घालायचं, त्यात घड दोन-चार मिनिटं बुडवून शेडमधल्या जाळीवर टाकायचे. मण्यावरचा मेणाचा थर सैल होतो आणि पाणी लवकर बाहेर पडतं. बाईंच्या वीस-बावीस दिवसांच्या जागी बारा-पंधरा दिवसांत बेदाणा तयार होतो, चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो. बाईंनी हे सगळं पाहिलं, द्रावणाचा वास घेतला, एक मणी चावून बघितला आणि मान डोलावली. नव्या गोष्टीला त्यांचा विरोध कधीच नव्हता.

पाकिटं करायची ठरलं तेव्हा किती ग्रॅमचं करावं यावर सहा जणींची सात मतं होती. माझी मुलगी तेव्हा शाळेत होती. तिने वजनकाटा आणला आणि आजीला म्हणाली, "बाई, दिंडीला देता तशी ओंजळ टाका." बाईंनी दहा वेळा टाकली. दहाही वेळा काटा 145 ते 155 च्या मध्येच थांबला. आमचं लहान पाकीट त्या दिवसापासून 150 ग्रॅमचं आहे.

आता रंगाचं सांगते, कारण ती चूक माझी होती. 2017 साली एका व्यापाऱ्याने पाचशे किलोंची मागणी दिली. अट होती पिवळ्याधमक रंगाची, म्हणजे गंधकाची धुरी द्यायला हवी. नियमाच्या मर्यादेत तिला परवानगी आहे आणि जे देतात त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण आम्ही आमच्या गिऱ्हाइकांना धुरी न दिलेला माल म्हणूनच विकत होतो. मी धुरी दिली. माल दिसायला देखणा झाला, आणि उरलेला चाळीस किलो मी आमच्याच पाकिटांत भरायला काढला. बाई शेडमध्ये आल्या, मूठभर उचलला, उजेडात धरला. "छान दिसतोय," म्हणाल्या. मग विचारलं, "दिंडीच्या डब्यात यातला भरू का गं?"

माझ्या तोंडून हो निघेना. बाई आणखी काही बोलल्या नाहीत, पुढेही कधी तो विषय काढला नाही. ते चाळीस किलो मी धुरी दिलेला माल म्हणून सांगून कमी भावात मोकळे केले. त्यानंतर आमच्या शेडमध्ये गंधक आलं नाही. तांबूस मालाला किलोमागे कमी भाव मिळतो, हे दर हंगामात सोसावं लागतं, आणि सहाही जणी सोसतात.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा काढणी जोरात होती. मजूर गेले, गाड्या थांबल्या, व्यापारी फोन उचलेनात. गावातले शेतकरी क्रेट घेऊन आमच्या दारात उभे राहिले. ऐंशीच्या घरातल्या बाई खुर्ची टाकून शेडच्या तोंडाशी बसायच्या आणि कुणालाही परत पाठवू द्यायच्या नाहीत. त्या दीड महिन्यात आम्ही बारा टन द्राक्षं वाळवली. शेतकऱ्यांचे पैसे बेदाणा विकल्यावर द्यायचं ठरलं होतं. शेवटचा हिशेब दिवाळीआधी चुकता झाला, तेव्हा बाईंनी देवापुढे साखर ठेवली. पुढच्या वर्षी सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेतून कर्ज घेतलं, 35 टक्के अनुदान मिळालं आणि काड्या काढण्याचं व प्रतवारीचं यंत्र आलं. आज आमच्याकडे हंगामात बावीस बाया कामाला असतात. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखं नाही, रोजचं काम आहे ते.

2022 च्या कार्तिकात बाई गेल्या. आदल्या पहाटे काकड्याला जायला निघाल्या होत्या, पायात बळ नव्हतं म्हणून ओट्यावरच बसून टाळ वाजवला. दोन मुली, मुलगे, सुना, जावई, नातवंडं, सगळी जवळ होती. मला जवळ बोलावून त्यांनी विचारलं, "डबा भरला का?" भरला होता.

त्या पौषात दिंडी आली तेव्हा विणेकरी बुवा दारात थांबले, आत बघितलं आणि काही न विचारता वीणा उतरवून भिंतीला टेकवला. मी डबा बाहेर आणला. माझी ओंजळ बाईंच्याहून लहान आहे, म्हणून मी प्रत्येकाला दीड वेळा देत गेले. रांगेतल्या एका म्हाताऱ्या माउलींनी माझे दोन्ही हात धरून ठेवले. दोन किलो विकत मागितले होते ते त्यांनीच.

यंदा दिंडीसाठी 60 किलो काढून ठेवला आहे. माझ्या मुलीने काट्यावर न तोलता ओंजळीने मोजून भरला. एका डब्यात आता मावत नाही, चार डबे लागतात. पहिला अजून तोच जुना पत्र्याचा आहे, झाकण सैल झालंय म्हणून वरून बाईंच्या लुगड्याचं फडकं बांधतो.