आमची वाटचाल : काळ्या वावरातून बरडावर

आमचं काम बोकड फॅटनिंगचं. तीन-चार महिन्यांची पिल्लं बाजारातून घ्यायची, बंदिस्त ठेवून चारायची, आणि वजन भरलं की विकायची, मुख्य गिऱ्हाईक बकरी ईदचं. धुळे-पारोळ्याच्या मधल्या पट्ट्यात आमचा फार्म आहे. बरेच जण फोन करून विचारतात की जात कोणती घेऊ, खाद्य काय देऊ, पण जागा कशी बघू हे कोणीच विचारत नाही, आणि आमचा सगळ्यात जास्त पैसा जागेनेच खाल्ला म्हणून ते आधी सांगतो.

पहिली जागा २०१९ च्या मार्चमध्ये फायनल केली. २०१८ चं साल आपल्याकडे दुष्काळाचं गेलं होतं, सगळं कोरडं ठणठणीत, नाला म्हणजे नुसती वाळू. काळीभोर सपाट जमीन, नाल्याला लागून, भाड्याने स्वस्तात मिळाली, विहीर शेजारी, आणि मला वाटलं पाण्याची सोय झाली आता काय पाहिजे. आमचे आबा वावरात उभे राहून एवढंच म्हणाले, "पोऱ्या, आठे पानी साचस रे." मी म्हटलं आबा, पाणी आहेच कुठे साचायला. तिथेच ऐकायला पाहिजे होतं.

त्या वर्षी ईद १२ ऑगस्टला होती आणि पाऊस असा लागला की थांबायचं नाव नाही. काळ्या मातीचं कसं असतं, उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा, आणि पावसात पाणी धरून बसते ती सोडतच नाही. शेडच्या बाहेरच्या मोकळ्या वाड्यात घोटाभर चिखल, लेंड्या आणि मूत त्यातच कालवलेलं. जुलै संपता संपता बोकडं लंगडायला लागली. एकाचा पाय उचलून बघितला तर दोन खुरांच्या मधली कातडी पांढरी पडून सोललेली आणि असा वास की मिसेसने पदर तोंडाला लावला. मग रोज सकाळी आम्ही दोघं एकेक बोकड धरून मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) पाण्यात पाय बुडवायचो, पण बाहेर सोडलं की पुन्हा तोच चिखल. खुरं सडली, मागून न्यूमोनिया आला. साठातली नऊ मेली. उरलेली लंगडत बाजारात गेली, व्यापारी बघूनच भाव पाडायचा, आणि त्याला तरी काय बोलणार.

वरून रस्त्याचं. जागा दाखवताना ज्या बांधावरून आलो तो रस्ता नुसता वहिवाटीचा, कागदावर कुठेच नव्हता. शेजाऱ्याने कपाशी पेरली आणि रस्ता बंद. ढेपेची (पेंडीची) पोती डोक्यावर वाहिली आम्ही अर्धा किलोमीटर. तेव्हापासून मी ७/१२ च्या आधी गटाचा नकाशा बघतो, गाडीचा रस्ता त्यात दिसला पाहिजे.

दुसरी जागा शोधायला मुद्दाम पावसाळ्यातच फिरलो, पाऊस उघडल्यावर दुसऱ्याच दिवशी जायचं आणि चप्पल किती भरते ते बघायचं. आपल्या साक्री-धुळ्याकडचे ठेलारी लोक मेंढ्या बसवायला जागा कशी निवडतात ते एका म्हाताऱ्या बाबाला विचारलं, तर तो मला घेऊन सरळ एका मुरमाड टेकाडावर, म्हणजे बरडावर गेला. तिथे दोन पिकं सोडा, धड बाजरी येत नव्हती, मालक पण म्हणाला इथे काय करणार भाऊ. बाबाने काठीने खड्डा उकरला, बाटलीतलं पाणी ओतलं, बिडी संपायच्या आत पाणी गायब. जी जमीन कपाशीला नालायक तीच जनावराला चांगली हे माझ्या डोक्यात तेव्हा बसलं. भारी जमीन पिकाला ठेवावी, बोकडाला हलकीच द्यावी.

मग गवंड्याकडून लेव्हल पाईप आणून उतार मोजला, शंभर फुटाला तीनेक फूट, तेवढा पुरतो, जास्त असला तर मुरूम वाहून जातो. वारा बघायला गोवऱ्या पेटवून धूर कुठे जातो ते बघितलं. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेचा, म्हणजे गाव जर जागेच्या पूर्वेला असलं तर सगळा वास गावात जाणार आणि चार महिन्यांत तक्रार येणार. आमचं गाव पश्चिमेला आहे म्हणून आजपर्यंत कोणी काही बोललं नाही. हायवे दोन किलोमीटर, आयशर ट्रक भर पावसात दारापर्यंत येते.

शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली, म्हणजे ऊन आत कमी येतं. हे खान्देशात फार महत्त्वाचं आहे कारण ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, २०१९ ला ऑगस्टमध्ये होती ती २०२५ ला ७ जूनला आली, म्हणजे शेवटचं वजन भरायचा महिना आता भर मे महिन्यात येतो, पारा ४५ च्या आसपास. बोकड धापा टाकत उभा राहतो, खातच नाही, मग ढेप आणि मक्याचा भरडा कितीही टाका. जागेवर तीन मोठे निंब होते ते आम्ही एक पण तोडले नाहीत, पत्र्यावर सरमड (वाळलेली ताटं) टाकतो. पाणी उन्हाळ्यात एका बोकडाला पाच-सहा लिटर धरावं, शंभर बोकडांना सहाशे लिटर रोज, त्यामुळे बोअर जानेवारीत किती चालतो याला काही अर्थ नाही, मे मध्ये चालवून बघायचा. लाईट रात्री आली तर रात्री टाकी भरतो.

२०२० पासून इथेच आहोत. खुरांचा त्रास अधूनमधून येतो पण चिखलाचा नाही. लेंडीखत कोरडं निघतं म्हणून रावेर-यावलकडचे केळीवाले ट्रॉली लावून घेऊन जातात, ते आधीच्या जागेवर कधीच जमलं नसतं.

आता दुसऱ्या शेडसाठी शेजारचंच बरड बघतोय. पावसात दोनदा जाऊन आलो, पाणी थांबत नाही. बोअर अजून मे मध्ये चालवून बघितलेला नाही, मालक ईसार मागतोय, त्याला सांगितलंय जूनपर्यंत थांब.